कॅमेरा निवडण्याआधी आपलेच जुने फोटो बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डिजिटल कॅमेऱ्यांची निवड कशी करावी यावर लेख आणि सोबत एक मोठा तक्ता आला होता. मी तो घरी वाचला नाही. तो माझ्या कामाच्या टेबलावर आला, चार घड्या घातलेलं कात्रण म्हणून. आणणारी कॉलेजातली मुलगी. पहिल्या तीन नावांभोवती तिनं निळ्या पेनानं गोल केले होते. म्हणाली, "काका, या तिघांतला कुठला घेऊ तेवढं सांगा."

मी कॅमेरे दुरुस्त करतो. २८ वर्षं झाली. सुरुवात फिल्मच्या कॅमेऱ्यांपासून केली, आता बहुतेक डिजिटलच येतात. विकण्याचा धंदा माझा नाही, त्यामुळे कुणी कुठला कॅमेरा घेतला यात माझा नफा-तोटा काही नाही. पण घेतलेले कॅमेरे पुढं माझ्याकडे येतात, आणि चुकीच्या हाती पडलेला कॅमेरा मला उघडण्याआधीच ओळखू येतो. म्हणून हे पत्र.

त्या मुलीला मी आधी विचारलं, तू फोटो कशाचे काढतेस? कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाचे, बंदिस्त हॉलमधले. सध्याच्या कॅमेऱ्यावर फोटो फिके आणि हललेले येतात. "मेगापिक्सेल कमी पडतात," असं तिचं निदान. तिच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, म्हणजे चित्रातले ठिपके दहा-दहा लाखांच्या हिशोबात, होते २४. तक्त्यात पहिल्या नंबरावर होता ६१ मेगापिक्सेलचा.

तिचं कार्ड मी लॅपटॉपला लावलं. फोटोच्या प्रत्येक फाइलमध्ये तो फोटो कसा काढला त्याची नोंद असते. लेन्स किती मिलिमीटरवर होती (आकडा मोठा तितकं दृश्य जवळ), अ‍ॅपर्चर किती, शटर किती, आयएसओ किती, सगळं. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, शटर म्हणजे किती वेळ प्रकाश आत घेतला, आयएसओ म्हणजे तो किती वाढवून घेतला.) याला एक्झिफ म्हणतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावरही दिसतं, मोबाइलमध्येही दिसतं, पण बघणारे फार थोडे. तिच्या फोटोंवर ओळीनं तेच आकडे होते: ५५ मिलिमीटर, एफ ५.६, शटर १/६०, आयएसओ १६००. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळालेली साधी १८-५५ची किट लेन्स, पूर्ण पुढं ओढलेली. एक फोटो मी मोठा करून दाखवला. मागची भिंत, जाळी, खांब, सगळं लख्ख. स्मॅश मारणाऱ्या मुलीचा चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ. कोपरापासून पुढं मात्र नुसता पिवळसर पट्टा, आणि चेंडूच्या जागी एक लांबोळा डाग. कॅमेरा हलला असता तर भिंतही हलली असती. इथं कॅमेरा स्थिर होता, हात पळत होता आणि सेकंदाचा साठावा भाग त्या हाताला फार मोठा पडला.

हे दुखणं मेगापिक्सेलनं बरं होणारं नाही. ६१ मेगापिक्सेलमध्ये तोच पट्टा जास्त बारकाईनं दिसला असता.

माझ्या कपाटात ८५ मिलिमीटर एफ १.८ची एक जुनी लेन्स आहे, तिच्याच कॅमेऱ्याला बसणारी. ती मी तिला दिली. हिशोब साधा आहे. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ ५.६वरून एफ १.८वर आलं की लेन्समधून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे त्याच हॉलमध्ये, त्याच दिव्यांखाली, त्याच आयएसओला शटर १/६०वरून १/५००वर नेता येतं. आयएसओ ३२०० केला तर १/१०००. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, तीच.

आता आपल्या तक्त्याकडे येतो. त्यात प्रत्येक कॅमेऱ्यापुढे मेगापिक्सेल, सेकंदाला किती फोटो, व्हिडिओ किती 'के'चा आणि शेवटी पाचपैकी तारे, असे रकाने होते. लेन्सचा रकानाच नव्हता. वजनाचा नव्हता. आणि ज्याला फोटो काढायचे आहेत तो माणूस तर कुठंच नव्हता. पहाटे तळ्याकाठी ट्रायपॉड लावून बसणारा आणि घरातल्या रांगत्या मुलाच्या मागं धावणारा, दोघांना एकच पंचतारांकित कॅमेरा कसा चालेल?

मेगापिक्सेल आधी विचारायची सवय आपल्याला का लागली, ते मी समजू शकतो. एके काळी तो प्रश्न खरोखरच पहिला होता. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्याचं चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचं होतं आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९९मध्ये आलेला निकॉनचा डी वन वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी हातात घेतला, तो पावणेतीन मेगापिक्सेलच्या आसपासचा. त्या काळात एकाचे दोन मेगापिक्सेल झाले की छपाईत फरक डोळ्यांना दिसायचा. आता २४ मेगापिक्सेलचं चित्र ६००० गुणिले ४००० असतं. इंचाला ३०० ठिपके धरले तरी त्याचा २० इंच गुणिले १३ इंचांचा प्रिंट निघतो. घरातल्या किती भिंतींवर एवढा फोटो लागतो? फोर-के पडद्यालाही आठ मेगापिक्सेलच्या थोडं वरच लागतात. शिवाय २४चे ४८ केले म्हणजे फोटो दुप्पट मोठा होत नाही. रुंदी वाढते १.४ पट, एवढंच. फाइल मात्र दुप्पट जड होते, आणि भरभर फोटो काढताना कॅमेरा मध्येच अडखळतो.

जास्त मेगापिक्सेल कुणालाच नकोत असं मी म्हणत नाही. मोठमोठे प्रिंट करणारे, कापडाच्या विणीचे, चित्रांचे, जुन्या कागदपत्रांचे फोटो काढणारे, त्यांना ते हवेतच. फक्त त्यांना ते का हवेत हे त्यांचं त्यांना माहीत असतं.

तीच गोष्ट फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची. (सेन्सर म्हणजे आतली चित्र टिपणारी चिप.) आपल्या लेखात 'परवडत असेल तर फुल फ्रेमच घ्या' असं एक वाक्य आहे. हे वाक्य वाचून निर्णय घेतलेले लोक मी बघितलेत. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा. त्याखालचा एपीएस-सी साधारण २३.५ गुणिले १५.६चा. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम सव्वादोन पटींहून थोडा अधिक भरतो. प्रकाशाच्या भाषेत हा फायदा एका स्टॉपच्या थोडा वर जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). त्या मुलीला नुसत्या लेन्सनं तीन स्टॉपांहून जास्त मिळाले होते. फुल फ्रेम बॉडी घेऊन तिला पुन्हा तशीच एफ ५.६ची साधी झूम लावली असती, तर ती होती जवळपास तिथंच राहिली असती.

उलट बाजूनं बघा. माझ्याकडे एक बाई येतात, पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांच्या कॅमेऱ्याच्या मुठीचं रबर घामानं पांढरं पडून सुटायला आलं होतं, शटरच्या बटणावरचा काळा रंग जाऊन खालचा धातू चमकत होता. असा कॅमेरा उघडताना मला बरं वाटतं. त्यांचा सेन्सर एपीएस-सीच. त्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स लावली की फुल फ्रेमवर ६०० मिलिमीटर लावल्यासारखा पक्षी जवळ दिसतो. फुल फ्रेम घेतला असता तर तेवढ्याच जवळिकीसाठी ६०० मिलिमीटरची लेन्स वाहावी लागली असती, आणि ती घेऊन दोन तास चालणं त्यांच्या खांद्याला झेपणारं नाही. त्यांच्यासाठी लहान सेन्सर हीच सोय आहे. आपल्या तक्त्यात त्यांच्या कॅमेऱ्याला तीन तारे होते.

आता ज्या कॅमेऱ्यामुळे मला सगळ्यात वाईट वाटलं त्याबद्दल. एक निवृत्त गृहस्थ फुल फ्रेम बॉडी आणि दोन एफ २.८च्या झूम लेन्स घेऊन आले. "फोटो धुरकट येतात," म्हणाले. त्यातली ७०-२०० मिलिमीटरची उजेडासमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. बुरशी. बंद बॅगेत, दमट कपाटात, महिनोन्‌महिने अंधारात लेन्स पडून राहिली की हे होतं. बुरशी साफ करता येते, पण काचेवरचा थर तिनं खाल्ला असेल तर डाग जात नाही. शटर किती वेळा पडलं याचा आकडा बऱ्याच कॅमेऱ्यांमधून काढता येतो. सहा वर्षांत अकराशेसुद्धा नव्हता. अशा कॅमेऱ्यांचं शटर लाखाच्या पुढं टिकेल अशा बेतानं बनवलेलं असतं.

मी विचारलं, वापरला का नाही? ते म्हणाले, "अहो, उचलायचाच कंटाळा येतो." ती एक लेन्सच दीड किलोच्या घरात. बॉडी आणि दुसरी लेन्स मिळून बॅग तीन किलोंवर जात होती. फोटो मात्र ते रोज काढत होते, मोबाइलवर. नातू, नातवाची सायकल, खिडकीतला ऊन-सावल्यांचा खेळ. ते फोटो त्यांनी मला दाखवले आणि मी खरंच थक्क झालो. नजर उत्तम. सगळे फोटो माणसाच्या दोन पावलं जवळ जाऊन काढलेले, रुंद कोनातले. दुरून ओढून घेतलेला एकही नाही. या माणसाला ७०-२००ची गरज कधी नव्हतीच. त्यांना हवा होता खिशात मावेल असा, एकाच पक्क्या लेन्सचा छोटा कॅमेरा, जो बाहेर पडताना सहज हातात येईल. असे कॅमेरे आहेत. फुजीफिल्मचा एक्स १०० हा कॅमेरा २०११ साली बाजारात आला, त्याला एकच २३ मिलिमीटर एफ २ची लेन्स, बदलता न येणारी, आणि त्या ओळीतले कॅमेरे आजही निघतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारखा थोर फ्रेंच छायाचित्रकार मुख्यत्वे ५० मिलिमीटरच्या एका लेन्सवर काम करत राहिला. एकच लेन्स म्हणजे कमीपणा, हा समज कुठून आला कळत नाही.

त्या गृहस्थांना कॅमेरा निवडताना कुणी एकदा विचारलं असतं, 'तुमचे आवडते पन्नास फोटो दाखवा', तर ती बॅग त्यांच्या घरात आलीच नसती.

म्हणून माझं सांगणं हेच आहे. जो कुणी कॅमेरा घ्यायच्या विचारात असेल त्यानं आधी एक संध्याकाळ आपल्या जुन्या फोटोंसोबत बसावं. मोबाइलवरचे असले तरी चालतील. आवडलेले वेगळे काढावेत आणि फसलेलेही वेगळे काढावेत, फसलेले जास्त बोलतात. फसलेल्यांत भिंतीसकट सगळंच हललेलं असेल तर हात हलतोय. तिथं इमेज स्टॅबिलायझेशन असलेली बॉडी किंवा लेन्स उपयोगी पडेल, नाहीतर ट्रायपॉड. भिंत स्वच्छ आणि माणूस हललेला असेल तर स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही, शटर वेगवान हवं, म्हणजे मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स हवी. माणसाऐवजी मागचं झाड फोकसमध्ये आलं असेल तर प्रश्न ऑटोफोकसचा आहे, आणि नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीत डोळा ओळखून फोकस धरून ठेवण्याची जी सोय आहे तिचा तिथं खरोखर फायदा होतो. सगळेच फोटो कडा कापून, मधला तुकडा मोठा करून वापरलेले असतील तर लेन्सची लांबी कमी पडतेय. आणि काही फसलेलंच नसेल, फक्त 'नवा घ्यावासा वाटतो' असं असेल, तर तेही ठीक आहे, पण तसं स्वतःशी कबूल करून घ्यावा.

झूमवाल्यांसाठी एक युक्ती. फोटो सांभाळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फोटो फोकल लेंग्थनुसार, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरनुसार, गाळता येतात. १८-२००सारखी लांब झूम वापरणाऱ्या एकानं माझ्यासमोर आपले वर्षभराचे फोटो असे गाळले, तर सगळी गर्दी ३० ते ४० मिलिमीटरच्या मध्ये निघाली. त्यानं ३५ मिलिमीटर एफ १.८ घेतली. कॅमेरा बदललाच नाही.

हातात घेऊन बघणं राहिलं. हे तक्त्यात मावणारं नाही, तरी त्याबद्दल दोन ओळी तरी हव्या होत्या. मूठ धरल्यावर करंगळी खाली लोंबकळत असेल तर त्या बॉडीला जड लेन्स लावून तासभर उभं राहता येणार नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बघावा, चष्मा असेल तर चष्म्यासकट, चारही कोपरे दिसतात का. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला नजरेच्या नंबराप्रमाणे फिरवायची छोटी चकती असते, तिची माहिती बहुतेकांना नसते. बॅगेत घासून ती फिरते, आणि 'व्ह्यूफाइंडर खराब झाला' म्हणून लोक कॅमेरा माझ्याकडे घेऊन येतात. मी चकती फिरवून देतो, पैसे घेत नाही. आपल्या वाचकांनी कृपया ती चकती शोधून ठेवावी.

बॅटरीचंही तसंच. आरशाचे डीएसएलआर एका चार्जिंगवर सहज आठ-नऊशे फोटो काढत, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं काचेतून दिसायचं. मिररलेसमध्ये सेन्सर आणि छोटा पडदा सतत चालू असतो, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. दिवसभर बाहेर राहणाऱ्यानं दुसरी बॅटरी गृहीतच धरावी. व्हिडिओमध्ये माणसं बोलणार असतील तर बाहेरचा माइक लावायची खाच आहे की नाही ते आधी बघावं, 'के' किती ते नंतर. आवाज खराब असेल तर चित्र कितीही स्वच्छ असो, कुणी शेवटपर्यंत बघत नाही.

जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा मानू नये, हेही मला आग्रहानं लिहायचं आहे. ट्रायपॉडवर डोंगर, पाणी, इमारती टिपणाऱ्याला दहा वर्षांपूर्वीचा चांगला डीएसएलआर आजही पुरतो, डोंगर काही पळत नाहीत. घेताना शटरचा आकडा विचारावा. लेन्स टॉर्चच्या उजेडात आरपार बघावी. अ‍ॅपर्चर एफ १६ किंवा २२ करून पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस घालवून, एक फोटो काढावा. सेन्सरवरची धूळ करड्या ठिपक्यांसारखी उठून दिसते. धूळ निघते, तिला घाबरायचं कारण नाही. ओरखडा निघत नाही.

त्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. आठवड्यानं ती आली. फोटोंमध्ये हात आता हातासारखा दिसत होता, बोटं वेगळी, चेंडूवरचे पट्टे मोजता येतील इतके स्वच्छ. पण सलग काढलेल्या दहा फोटोंत फोकस चार-पाचांतच नेमका होता, बाकीच्यांत तो मागच्या जाळीवर गेलेला. म्हणजे तिच्या बॉडीचा ऑटोफोकस या खेळाला कमी पडतो, हे आता खरं कारण सापडलं. तिला नवी बॉडी हवी आहेच, तिचा आग्रह चुकीचा नव्हता. फक्त ती ६१ मेगापिक्सेलची नको, पळत्या माणसाला न सोडणारी हवी. तक्त्यात एका कॅमेऱ्यापुढे 'सेकंदाला २० फोटो' असं लिहिलं होतं, त्यावर तिनं बोट ठेवलं. असा आकडा पुष्कळदा इलेक्ट्रॉनिक शटरचा असतो, म्हणजे पडदा न हलवता सेन्सरच चित्र वाचून घेतो. त्यात बहुतेक सेन्सर चित्र वरून खाली ओळी-ओळींनी वाचतात, त्यामुळे वेगानं जाणारा चेंडू तिरका-लांबट येऊ शकतो आणि हॉलच्या काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे काळपट पट्टे उठतात. मेकॅनिकल, म्हणजे खऱ्या पडद्याच्या, शटरवर सेकंदाला किती, ते विचार, असं मी तिला सांगितलं.

आपण पुन्हा कॅमेऱ्यांवर लिहाल तेव्हा तारे हवे तर द्या, पण तक्त्याच्या आधी अर्धं पान या गोष्टींना द्या, ही विनंती. मजकूर मी विनामोबदला लिहून देईन.

कात्रण तिनं परत घडी करून ठेवलं. निळे गोल तसेच आहेत, पण कडेच्या कोऱ्या समासात आता तिच्या अक्षरात लिहिलंय: 'हॉलमध्ये फोकस धरून ठेवतो का? मेकॅनिकलवर किती? माझी ८५ बसेल का?' त्यातलं 'माझी' वाचून मी काही बोललो नाही. स्पर्धा संपली की लेन्स परत आणते म्हणाली आहे.

आपला,
एक कॅमेरा दुरुस्त करणारा वाचक